एका बाळाच्या दोन ओळी

मी डबा उघडला की माझं डोकं खायला कुणीतरी हजर होतं, हा आमच्या ऑफिसातला जुना नियम आहे. त्या दिवशी पोळीचा पहिला तुकडा मोडला आणि फोन वाजला. एका प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या. त्यांच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडचं.

"अहो, तुमच्या रिपोर्टात माझ्याकडची बाळंतपणं केवढी वाढलीयत! खरंच एवढी झाली असती तर मी वरचा मजला बांधला नसता का?" त्या म्हणाल्या. दुसरी तक्रार त्याहून मोठी होती. बाळाच्या लसीची आठवण करून देणारे मेसेज एकेका बाळासाठी दोन-दोन जात होते. माणसं दवाखान्यात फोन करून विचारत होती की बाळाला दोनदा टोचायचं का.

आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वर. जिना असा की समोरून कुणी उतरत असेल तर आपण परत खाली यायचं. लहान दवाखाने, रक्त तपासणाऱ्या लॅब, शिकवण्या, अशा गिऱ्हाइकांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो, आणि बनवल्यापेक्षा जास्त ते दुरुस्त करतो. दुरुस्तीचं काम बहुतेक माझ्याकडं येतं, कारण मी चिडते पण सोडत नाही.

शेजारच्या खुर्चीवर गुलमंडीवरच्या एका कापडवाल्यांचा मुलगा बसतो. हुशार आहे, पण घाईचा. त्यानं माझ्या स्क्रीनवर डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "आपा, डिस्टिंक्ट मार दो ना. खतम."

डिस्टिंक्ट म्हणजे डेटाबेसला द्यायची एक आज्ञा. एकसारख्या दिसणाऱ्या ओळी आल्या तर त्यातली एकच ठेव, असं ती सांगते. मला त्या आज्ञेचा राग आहे असं नाही, पण ती वापरणाऱ्यांचा आहे. घरात मुंग्या झाल्या की त्यांच्यावर परात पालथी घालून मोकळी होणारी माणसं असतात. मुंग्या कुठून येतात ते बघायचं नाही.

"आणि जुळी झाली तर?" मी विचारलं. "आई एक, तारीख एक, दोघी मुलीच. तुझ्या डिस्टिंक्टनं एकीला मोजायचं आणि दुसरीला काय, ठेंगा?"

"सॉरी आपा," तो म्हणाला आणि त्यानं माझ्या डब्यातली भेंडी उचलली.

माझी पद्धत साधी आहे. अशा क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, चार-पाच टेबलं एकमेकांना जोडलेली असतात. एकात बाळंतिणींची नावं, दुसऱ्यात बाळंतपणं, तिसऱ्यात फोन आणि पत्ते, चौथ्यात लसींचं वेळापत्रक. मी सगळी सोडवते आणि परत एकेक करून जोडत जाते. प्रत्येक जोडणीनंतर ओळी मोजायच्या. जिथं ओळी अचानक फुगतील तिथं दुखणं. नावांना बाळंतपणं जोडली, आकडा बरोबर होता. फोन-पत्ते जोडले आणि आकडा टम्म फुगला.

मग फुगलेल्या बायका कोणत्या ते पाहिलं. सगळ्या नव्हत्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांची एकेकच ओळ होती. दोन ओळी होत्या त्या पहिलटकरणींच्या. मी कपाळावर हात मारला. पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आलेली असते, दवाखान्यात सोबत तिची आई असते, नवरा कामावरून सुटी काढून नंतर येतो. काउंटरवरच्या बाईनं पत्ता विचारला की पोरगी आईकडं बघते. मग कुणीतरी म्हणतं, दोन्ही लिहा. ज्यानं हे टेबल बांधलं तो आमचा जुना सहकारी तेव्हा बिनलग्नाचा होता. एका बाईला एकच पत्ता असतो असं त्याला खुशाल वाटलं होतं.

एवढं सापडल्यावर खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, चहा येईपर्यंत टिकला. मग नेहमीच्या सवयीनं मी दोन ओळींच्या बायका एकेक करून तपासायला घेतल्या. खाली सरकता सरकता गावाच्या रकान्यात दौलताबाद दिसलं आणि माझा हात थांबला. माझ्या धाकट्या बहिणीच्या दोन ओळी होत्या. एकीत आमच्या आबांचा फोन, पत्ता दौलताबादचा. दुसरीत पाव्हण्यांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा फोन, पत्ता जालन्याकडच्या गावाचा. दोन्हींपुढं तेच लिहिलेलं. दीड महिन्याची लस, मेसेज पाठवला. अडीच महिन्यांची लस, मेसेज पाठवला. साडेतीन महिन्यांची, बाकी.

बहिणीला बाळ नव्हतं. म्हणजे झालं होतं, मुलगी होती, पण ती रडली नाही.

ती सकाळ मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. त्या दवाखान्यात तिचं नाव मीच घालायला लावलं होतं. काउंटरवर उभी राहून पाव्हण्यांना ऐटीत सांगितलं होतं की हे सॉफ्टवेअर आमचंच, तुमचाही नंबर द्या, लसीचे मेसेज घरबसल्या येतील. त्यांनी हौसेनं नंबर दिला होता, दोनदा म्हणून दाखवला होता. मग पोटातलं हलणं थांबलं. डॉक्टरीणबाईंनी करायचं ते सगळं केलं, त्यात कुणाची चूक नव्हती. आबा आणि पाव्हणे दोघंच त्या गाठोड्याला घेऊन गेले आणि आमच्या अंजिराच्या वावरापलीकडं ठेवून आले. नाव ठेवायच्या आधी गेलेल्याचं बारसं नसतं, तसं तेराव्याचंही काही नसतं. दुसऱ्या दिवशी आबा बाजारात गेले, कारण तोडलेला माल थांबत नाही.

बहिणीला मात्र दूध यायचं थांबेना. आईनं जुन्या साडीची पट्टी फाडून तिची छाती आवळून बांधली. ती ओठ दाबून बसायची आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन उगाच कपडे घड्या करायची. मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

त्यानंतर एक वेगळाच पेच पडला, तो आमच्याकडच्याच माणसांना पडू शकतो. बाळंतीण माहेराहून सासरी जाते तेव्हा सासरची माणसं न्यायला येतात. पाळणा, टोपडं, पेढे, ओटी, सगळं ठरलेलं असतं. पण रिकाम्या हातांची बाळंतीण न्यायला कसं यायचं, याची रीत कुणालाच माहीत नव्हती. सासूबाईंना वाटत असावं, पोरगी आईजवळ आहे, एवढ्यात कशाला मागायची. आईला वाटायचं, त्यांनी न्यायला यावं, आपण सोडायला गेलो तर लोक म्हणतील नांदवत नाहीत म्हणून आणून टाकली. पाव्हणे शेंद्र्याच्या एका कंपनीत शिफ्टला. सुरुवातीला त्यांचे फोन यायचे. 'जेवलीस का', 'जेवले', एवढ्यावर दोघांचं बोलणं संपायचं. दोघंही मुळातले मुखदुर्बळ. पुढं पुढं ते फोनही कमी झाले. दोन घरं एकमेकांची वाट बघत बसली आणि मध्ये माझी बहीण तांदूळ निवडत बसली. ती परत जाईल की अशीच राहील, हे विचारायची आमच्या घरात कुणाचीच छाती नव्हती. रात्रंदिवस माझ्या डोक्यात मात्र तेवढंच होतं.

आणि या सगळ्यात माझं ऑफिस तिच्या बापाच्या आणि नवऱ्याच्या फोनवर लिहीत होतं, 'आपल्या बाळाच्या लसीची वेळ झाली आहे. बाळाला घेऊन यावे. कार्ड सोबत आणावे.'

मी पाणी प्यायला उठले. शेजारच्यानं माझं तोंड पाहिलं. तो खाली जाऊन परत एक चहा घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवून गेला. एरवी त्याला पैसे माझ्याकडून घ्यायची सवय आहे.

संध्याकाळी स्कूटीवरून पडेगाव, मिटमिटा, सगळा रस्ता मी स्वतःशी भांडत घरी आले. आबा किल्ल्याच्या पायथ्याशी रस्त्याकडेला पेरूचे ढीग आवरत होते. मी गाडी लावली आणि सरळ विचारलं, "आबा, तुमच्या फोनवर दवाखान्याचे मेसेज आलेत का?"

त्यांनी टोपलीवरचं फडकं नीट केलं. "व्हय. दोन आले."

"मला कामून नाय सांगितलं?"

"काय सांगू? कुनाला बी सांगितलं आसतं तर पुसून टाक म्हनला आसता. तू बी तेच म्हनली आसती." मग खिशावर हात ठेवून म्हणाले, "मला पुसता येईना, बाई."

"तिनं बघितलं तर?"

"म्हून तर खिशातून काढीत नाय फोन."

मला आबांचा राग आला, मग त्यांची दया आली, मग परत राग आला. एवढा मोठा माणूस महिना-दीड महिना असा फोन लपवत हिंडत होता. मी पेरूच्या टोपल्या गाडीवर ठेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी ती क्वेरी मुळापासून नव्यानं लिहिली. खरी खोट एक नव्हती, दोन होत्या. एक ती दोन पत्त्यांची. प्रत्येक बाईचा एकच मुख्य फोन ठरवून तेवढाच जोडायचा, म्हणजे ओळी फुगणार नाहीत. दुसरी खोट अशी की मेसेजची यादी बाळंतपणांवरून निघत होती, बाळांवरून नाही. बाळांचं टेबल वेगळं होतं आणि त्यात बाळ जिवंत आहे की नाही याचा रकानाही होता, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. बाळंतपण झालं म्हणजे बाळ आहे, असं धरून चाललेलं. मी यादी बाळांपासून सुरू केली आणि त्या रकान्याची अट घातली. चालवून पाहिलं. जुळ्यांच्या दोन ओळी आल्या, तशा यायलाच हव्या होत्या. पहिलटकरणींची एकेक ओळ राहिली. माझ्या बहिणीच्या दोन्ही गेल्या.

मी परत परत शोधून पाहिलं. काही नव्हतं. काम चोख झालं होतं आणि मला भडभडून आलं. बाथरूममध्ये जाऊन मी नळ सोडला आणि रडले, पण आमच्या शहरात नळ सोडून फार वेळ रडता येत नाही, टाकी संपते.

डॉक्टरीणबाई खूष झाल्या. "आता आकडा जुळला हो," म्हणाल्या. मी कुणाला काही बोलले नाही. आता एकाही आईला असा मेसेज चुकून जाणार नाही, एवढं तर मी केलं, असं मनाशी म्हणत राहिले. मी केलं ते बरोबरच होतं. आजही तेच करीन.

त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत बहिणीचं काहीतरी बिनसलं. तशी ती गप्पच असायची, पण आता तिला बसवेना. आबा दुपारी आडवे झाले की म्हणायची, "आबा, फोन द्या बरं, पंचांग बघायचंय." आमच्या घरात पंचांग भिंतीवर आहे. आबा अर्धवट झोपेत खिशातून काढून द्यायचे. फोन बघून ती परत द्यायची आणि मागच्या अंगणात जाऊन बसायची. आईला वाटलं, नवऱ्याच्या फोनची वाट बघते. मलाही तसंच वाटलं.

एका रविवारी सकाळी फटफटीचा आवाज आला. पाव्हणे एकटेच आले होते. सोबत आई नाही, काका नाही, पिशवीत नारळ नाही. हे कसलं येणं, आईला कळेना. तिनं घाईघाईनं पदर डोक्यावर घेतला, बसायला टाकलं आणि पोह्यांच्या निमित्तानं आत पळाली. आबा वावरात होते. बहीण आत होती. अंगणात मी आणि ते.

त्यांनी पाणी घेतलं, पेला खाली ठेवला, परत उचलला. "आक्का, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा की पाव्हणं."

"ते मेसेज बंद झाले."

मी त्यांचा पेला परत भरला.

"दीड महिन्याला आला, आडीचला आला. साडेतीनचा आला नाय. मी चार दीस वाट बघितली. मला वाटलं नेटवर्कचं आसंल." मग खाली बघत म्हणाले, "मग वाटलं, तिनंच माझा नंबर काढायला लावला का काय. तुमच्याच हाफिसाचं हाय ना ते. आता माझं काय नातं ऱ्हायलं नाय आसं तिला वाटत आसंल, तर सांगा. मी समजून घेईन."

हा माणूस साठ-सत्तर किलोमीटर फटफटी मारत हे विचारायला आला होता. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं की मेसेजची कसली वाट बघता, बायको इथं बसलीय ना तीन महिने. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "तिनं नाय. मी बंद केले. सगळ्याच अशा बाळांचे बंद केले. कुणाला तरास नको म्हून."

"तरास व्हयाचाच," ते म्हणाले. "पर तेवढंच येत व्हतं पोरीच्या नावचं."

दारात बहीण उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिनं मला विचारलं नाही, त्यांनाच विचारलं, "तुमालाबी येत व्हते?"

"व्हय. तुला?"

"आबांच्या फोनवर. ते झोपले की मी काढून वाचायची." ती उंबरठ्यावरच खाली बसली. "मला वाटलं तुमच्याकडं कुनाला ध्यानात बी नसंल."

"साडेतीन महिन्याची झाली आसती," ते म्हणाले.

"मान धरली आसती," बहीण म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तीन महिन्यांत ती पहिल्यांदा आमच्यासमोर रडली. पाव्हणे उठून तिच्याजवळ गेले, पण सासुरवाडीचं अंगण, त्यांना हात कुठं ठेवावा कळेना. शेवटी ते तिच्या शेजारी उंबरठ्यावर बसले. आमच्याकडं उंबरठ्यावर बसू नये म्हणतात. पोह्यांची ताटली घेऊन आई बाहेर आली होती, तिनं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच कुणाला उठ म्हटलं नाही.

दोन ओळी म्हणजे एकच ओळ चुकून दोनदा आली, असं मी धरलं होतं. एक ओळ इथं वाचली जात होती आणि एक तिकडं, आणि दोघांनाही वाटत होतं की वाचणारे आपण एकटेच.

आईनं ओटी भरावी की नाही यावर तिचं आणि वावरातून आलेल्या आबांचं आत कुजबुजत भांडण झालं. बाळाविना ओटी कशी, असं आईच म्हणत होती आणि आईच तांदूळ पाखडत होती. शेवटी तिनं भरली. नारळ, तांदूळ, एक खण, आणि परड्यातली चार अंजिरं. बहिणीनं तिची पिशवी भरली, ती फार जड नव्हती. फटफटीवर बसायच्या आधी ती माझ्याजवळ आली.

"आक्का, ते परत चालू करता येत्यात का गं?" ती हळू आवाजात म्हणाली. "आता दोन नको. एकाच फोनवर आले तरी चालत्याल."

करता आलं असतं. बाळांच्या टेबलात एका रकान्यात एक शब्द बदलायचा होता. पण तो रकाना खोटा करायला माझा हात धजला नसता, आणि तिलाही ते नको होतं, नुसतं विचारून बघायचं होतं.

"नाय गं," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि पदर खोचून मागं बसली. फटफटी वळली, शरणापूरच्या रस्त्याला लागली. आबा वावराकडं निघून गेले. मी आणि आईनं थंड झालेले पोहे खाल्ले.

साडेतीन महिन्यांनंतरची लस एकदम नवव्या महिन्याला असते, गोवराची. मधले महिने वेळापत्रकात काहीच नसतं. तो दिवस मी कुठं लिहून ठेवला नव्हता, तरी सकाळी उठल्या उठल्या ध्यानात आला. ऑफिसात गेले, डबा उघडला, पण जेवण जाईना. शेजारचा कुणाशी तरी फोनवर हुज्जत घालत होता. मी माझा फोन काढला. बहिणीचा नंबर काढला आणि तिला लिहिलं, 'आज नऊ महिन्यांची झाली असती.' पाठवू की नको, असं बराच वेळ झालं. मग पाठवला, एकाच फोनवर.

पोळी हातात तशीच होती तेवढ्यात उत्तर आलं.

'व्हय आक्का. आमी दोघं आत्ता तेच बोलू राहिलो. रांगली आसती.'